मला नापास करणाऱ्या मॅडम

त्यांनी मला ‘पत्रक’ असं नाव ठेवलं आणि दोन वर्षं दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. हजेरी घेतानासुद्धा. सतरापर्यंत नीट आकडे, आणि अठराला, “पत्रक?” मी आधी गप्प राहायचे. मग त्या गैरहजेरी मांडायच्या. मग मी ओरडायचे, “हजर!” आणि त्या म्हणायच्या, “अशी बोल. एरवी तं लय बोंबलत राह्यते.”

नाव कसं पडलं ते सांगते. एम.ए. मानसशास्त्राचं दुसरं वर्ष, यवतमाळ. आमच्या कॉलेजात वरून पत्र आलं होतं की समुपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना लैंगिक विविधतेचं प्रशिक्षण द्या. प्राचार्यांच्या डोक्यात सगळं तयार होतं: एक तास, एक पाहुणा, एक पुष्पगुच्छ, मागे बॅनर, शेवटी गटफोटो आणि प्रमाणपत्र. असली प्रशिक्षणं मी ढिगानं पाहिलीत. त्यांत पाहुणे ‘हेही आपल्यातलेच आहेत’ असं म्हणतात आणि घड्याळ बघतात. पण हे पत्र मॅडमच्या हातात पडलं. त्यांनी ते वाचून प्राचार्यांना सांगितलं, “एका घंट्यात माह्या घरची डाळ नाही शिजत. मले दहा शनिवार पाह्यजे.” प्राचार्य म्हणाले, दहा जास्त होतात. मॅडम म्हणाल्या, मग बॅनर तुमचा, शनिवार माझे.

पहिल्या शनिवारी मी उभी राहिले. मी म्हटलं, “मी लेस्बियन आहे. आर्णीची आहे. या विषयावर या वर्गाला शिकवायचा पहिला हक्क माझा आहे.”

वर्गात कोणीतरी खोकलं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“बरं. रोल नंबर?”

“अठरा.”

“हक्क तुहा हाय. पण तास माहा हाय. बस खाली.”

मी बसले नाही. पिशवीतून पत्रकं काढली आणि बाकाबाकावर वाटली. एक त्यांनाही दिलं. त्यांनी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, दोन्ही बाजूंनी वाचलं. आम्ही अठराजण तेवढा वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसलो. मग त्यांनी एक वाक्य मोठ्यानं वाचलं. “लैंगिक अभिमुखता ही व्यक्तीच्या अस्तित्वाची अविभाज्य मिती आहे. हे वाक्य आर्णीच्या बसस्टँडवर म्हणून पाह्यलं काय?”

“म्हटलंय.”

“मंग?”

“लोक थांबले होते.”

“थांबले तं बस नाही आली म्हणूनही असतीन. समजले काय?”

त्यांनी पत्रक चिमटीत धरून दाबून पाहिलं, जसं बायका लुगड्याचा पोत पाहतात. “कागद चांगला हाय. टोपलं मस्त होईन याचं.”

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, हा अपमान आहे. निम्मा होताही. पण टोपल्याचं खरं होतं. त्या घरी जुने कागद बादलीत भिजत घालायच्या, कुटायच्या, त्यात मेथीचं पीठ कालवायच्या आणि उपड्या भांड्यावर थापून टोपली करायच्या. खेड्यात आपल्या आज्या करायच्या तशी. फरक इतकाच, की मॅडमच्या बादलीत समुपदेशनाच्या टिपणांचे कागद असायचे. काम संपलं की टिपण बादलीत. विभागातल्या त्यांच्या टेबलावर अशी तीन टोपली होती. एकात खडू, एकात किल्ल्या, एकात भुईमुगाच्या शेंगा. शेंगांचं टोपलं पुढे सरकवून म्हणायच्या, “खा. चाळीस घरचे भांडणं हायेत यात. आता काढून दाखवा एकतरी.”

कळंबहून रोज एसटीनं यायच्या. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला मोठं मर्दानी घड्याळ. आतल्या बाजूला अशासाठी, की समोरच्याला न कळता वेळ बघता यावी. “माणूस रडून राह्यला आन् आपण हात वर करून टाइम पाह्यतो, यापेक्षा मोठी शिवी नाही,” असं त्यांचं म्हणणं. चतुर्थीला चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय कॉलेजात पाय टाकायच्या नाहीत. मी एकदा तोंडावर विचारलं, मानसशास्त्र शिकवता आणि नवस करता?

“नवस कोण करते? मी तक्रार करतो. वरच्या साहेबाकडं.” कधीकधी त्या अशा पुरुषासारखं बोलायच्या. मी पत्रकवाली म्हणून उत्सुकतेनं विचारलं, यामागे काही भूमिका आहे का? त्या म्हणाल्या, “हाव. तीन भावाईत वाढली, हे भूमिका.”

शनिवारी वर्गात ‘ते लोक’ म्हणायला बंदी होती. कोणी म्हटलं, की त्या त्याला उभं करायच्या. “किती लोक? कुठी राह्यतात? कोणत्या गाडीनं येतात?” आमच्यातला राठोड, पुसदचा, वर्गाचा विनोदवीर, तो एकदा म्हणाला, “मॅडम, ते लोक म्हणजे ते... कार्यक्रमात टाळ्या वाजवणारे.” मॅडम म्हणाल्या, “टाळ्या तं तू बी वाजवतो. प्राचार्याईच्या भाषणात सगळ्याईत जोरात तूच वाजवतो.” राठोड बसला. पुढच्या शनिवारी तो ‘ते’ वर अडला आणि वाक्यच बदलून बोलला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पत्रकांनी हे कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी फळ्यावर फक्त शिव्या लिहिल्या. म्हणाल्या, पेपरात लिहायचे शब्द पुस्तकात आहेत, ते वाचून या. जिल्ह्यातले शब्द मला सांगा. समलिंगी माणसांना इथे काय काय म्हणतात? पोरं आधी लाजली, मग सांगायला लागली. वऱ्हाडी, हिंदी, बंजाऱ्यांची गोरबोली, एक कोलामी. फळा भरला. मग प्रत्येकानं पुढे यायचं आणि सगळे शब्द मोठ्यानं वाचायचे. हसायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आवाज हलू द्यायचा नाही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, “मी ही घाण वाचणार नाही. शाळेपासून ऐकतेय.”

“तुले नाही वाचायचं. तू समोर बस आन् ऐक. चेहरा हलला नाही पाह्यजे.”

“काहून? कायले म्हणून?” रागात माझ्या तोंडातून घरची भाषा निघते.

“कारण तुह्यासमोर जो येईन ना, तो पत्रक वाचून नाही येणार. तो स्वतःले बायल्या म्हनंन. त्याच्यापाशी तेवढाच शब्द हाय. तू तथी दचकली, का तो उठला. मंग वाच अभिमुखता, रिकाम्या खुर्चीपुढं.”

मी ऐकलं. सतराजणांच्या तोंडून, एकामागून एक. मग उठले, बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरलं. आजही माझं मत आहे की त्यांनी मला आधी विचारायला हवं होतं. मी हे त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, “हाव. चुकलं.” एवढंच. पुढच्या शनिवारी फळ्यावर पुन्हा तेच शब्द होते, पण त्याआधी त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

सातव्या शनिवारी त्यांनी विभागाच्या कपाटातून एक जुनं पाठ्यपुस्तक आणलं. त्यात एका प्रकरणाचं नाव ‘लैंगिक विकृती’, आणि त्या प्रकरणात मी. म्हणजे माझ्यासारखे. लहान मुलांना त्रास देणाऱ्यांच्या शेजारी, एकाच यादीत. मी म्हटलं, फाडा हे पान. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. “नाही फाडायचं. हे मी शिकवलं हाय.”

राठोडनं हळूच विचारलं, “मॅडम, तुमी बी?”

“लय वर्षं. जो पाठ करे त्याले दहापैकी आठ द्यायची. अक्षर चांगलं असलं तं नऊ.” मग त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची धूळ पदरानं पुसत बसल्या. “एक माय आली होती. पोराले घेऊन. मी म्हटलं, लगन करून द्या, सुधरंन. डिग्री होती ना माह्यापाशी. तिनं ऐकलं.”

राठोडनं वही मिटली.

“त्या पोराची बायको मले एकदा बजारात भेटली. मले वाटलं, ओरडंन, थुंकंन. तिनं मले पाह्यलं, पावशेर मिरच्या घेतल्या न् चालली गेली.”

“मग पुढे?” मी विचारलं.

“पुढचं माहं नाही. त्याईचं हाय. ते नाही सांगत.”

मी तेव्हा मनात म्हटलं, पळपुटेपणा. सांगा ना अख्खं! लोकांना कळू द्या, या ‘लग्न करा’वाल्या सल्ल्यानं काय होतं. झाकून झाकूनच हा समाज सडलाय. माझं सगळं राजकारण तेव्हा एका वाक्याचं होतं: बोला. आजही मी ते वाक्य सोडलेलं नाही. पण ते वाक्य कोणी कोणाबद्दल बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. ते मी आठव्या शनिवारी शिकले, दुसऱ्याच्या जिवावर.

दर बुधवारी आम्ही विद्यार्थी विभागाच्या समुपदेशन खोलीत बसायचो. गावातलं कोणीही यावं, फुकट. मॅडम शेजारच्या खोलीत. माझ्याकडे एकजण यायला लागला. तिशीच्या अलीकडचा, कमावता. पहिल्याच दिवशी त्यानं स्वतःबद्दल फळ्यावरचा तोच शब्द वापरला. माझा चेहरा हलला नाही. तो बोलत राहिला. त्याचं लग्न जमवणं चालू होतं. त्याला लग्न करायचं नव्हतं, पळून जायचं नव्हतं, मरायचंही नव्हतं. त्याला एकच पाहिजे होतं. बापाला स्वतः सांगायचं, स्वतःच्या तोंडानं, धाकट्या बहिणीचं लग्न उरकल्यावर. तोपर्यंत ते वाक्य कसं म्हणायचं, याची तो माझ्यासमोर बसून तयारी करायचा. दर बुधवारी एक नवं वाक्य घेऊन यायचा.

आठव्या शनिवारी मला केस मांडायची होती. मी पेटले होते. मला वर्गाला हलवायचं होतं. नियमाप्रमाणे मी त्याचं नाव बदललं, आणि बाकी सगळं सांगितलं.

काय सांगितलं ते इथे पुन्हा लिहिण्याइतकी मी आता मूर्ख नाही. समजा मी म्हटलं, राळेगाव तालुका. समजा म्हटलं, बाप गावच्या भजनात पेटी वाजवतो. समजा, घर पिठाच्या गिरणीमागे, मोठी बहीण वणीला दिलेली. राळेगाव नव्हतं, पेटी नव्हती, वणीही नव्हती. पण असंच काहीतरी होतं, तीनचार गोष्टी. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे माणूस नावानं ओळखतात का? एसटीत शेजारी बसलेली म्हातारी नाव विचारते का? ती विचारते, कोणाचा रे तू? मामा कुठचे? घर कोणत्या बाजूला? तीन उत्तरांत ती तुमच्या आजोबापर्यंत पोचते. नाव बदलायला सांगणारी नियमावली मोठ्या शहरातल्या कोणीतरी लिहिली. मी ती पाठ केली होती. मी आर्णीची असूनसुद्धा.

तिसऱ्या तपशिलाला मॅडम म्हणाल्या, “थांब.”

मी चौथा सांगितला.

“थांब म्हणून राह्यली ना मी! पाह्य वर्गाकडं.”

मी पाहिलं. मागच्या बाकावरची एक मैत्रीण बाकाकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. ती त्याच्या शेजारच्या गावची निघाली. ती वाईट नव्हती. तिनं फक्त मावशीला फोनवर सांगितलं, कोणाला सांगू नको म्हणून.

मंगळवारी त्याचा बाप कॉलेजात आला. सोबत दोन माणसं. पटांगणातून त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. “माह्या पोराचं नाव इथं कोनं काढलं? कॉलेज हाय का काय हाय?” प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि मॅडमना बोलावलं. मी मागोमाग गेले आणि दाराशी उभी राहिले. मला कोणी हाकललं नाही, कारण कोणाचं लक्षच नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, समुपदेशनाचं रजिस्टर दाखवा ना यांना. नाव नसेल तर विषय संपला.”

“आन् असंन तं?” मॅडम म्हणाल्या.

“असेल तर... वडील आहेत ते.”

“ते रजिस्टर मी माह्या मालकालेही नाही दाखवत, तुमाले काय दाखवू?” मग त्या बापाकडे वळल्या. “भाऊ, तुमचा पोरगा इथं आला का नाही आला, हे मी नाही सांगत. उद्या त्यानं मले इचारलं का माहा बाप आलता काय, तरी नाही सांगत.”

बाप उभाच होता. तो म्हणाला, “गावात मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यली, बाई. तुमाले काय जाते?”

“काही नाही जात. म्हणूनच म्हणतो, बसता काय घंटाभर? तुमच्यासाठी बी खोली हाय.” मग त्या सोबतच्या दोघांकडे वळल्या. “तुमी कोण? साळे? बरं. कँटीनमधी आलुबोंडा चांगला भेटते.”

खोलीचं दार लागलं. मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. दोघे साळे कँटीनमध्ये गेले नाहीत, माझ्या समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले. तासाच्या वर झालं. आत काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. दार उघडलं तेव्हा बापाचं तोंड धुतलेलं होतं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, सरळ केली.

“काय म्हणली बाई?” एकानं विचारलं.

“चाला. गाडी निघून जाईन.”

“पण म्हणली काय?”

“चाला म्हणलं ना.”

गोष्ट इथे संपली असती तर हे कॉलेज नसतं. लगेच समिती बसली. ‘विषय संवेदनशील असल्याने’ शनिवार बंद झाले. समुपदेशन खोलीची किल्ली काढून घेतली. आणि याच कॉलेजानं वर अहवाल पाठवला की लैंगिक विविधता प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडलं, सोबत फोटो जोडला आहे. फोटोत बॅनर आहे, प्राचार्य आहेत, आणि कडेला अर्धा कापलेला मॅडमचा खांदा आहे. मी तो अहवाल पाहिलाय. माझा संताप अजून तसाच गरम आहे.

मी दोनशे पत्रकं छापून आणली. ‘मॅडमवरील कारवाई मागे घ्या!’ समितीपुढे जाऊन कबूल करायचं, मग मोर्चा, असं ठरवून मी ती त्यांना दाखवायला नेली.

त्यांनी पत्रक नेहमीसारखं पूर्ण वाचलं. “आन् लोकाईनं इचारलं, कारवाई कायच्यासाठी, तं काय सांगशीन?”

“खरं ते सांगीन. नाव नाही घेणार त्याचं.”

“मागच्या खेपीही नव्हतं घेतलं.”

मी रडले. त्यांनी थांबवलं नाही. घड्याळ आतल्या बाजूला होतं, त्यामुळे त्यांनी वेळ पाहिली की नाही ते मला कळलं नाही.

“समितीपुढं तू जाशीन तं ते पह्यला प्रश्न हाच इचारतीन, का केस कोणाची. तुहं तोंड मले माहीत हाय. तू घरी जाय.”

समितीला त्यांनी लिहून दिलं: चूक झाली आहे, ती माझ्या शिकवण्यातली आहे, विद्यार्थ्याचं नाव देणार नाही, येणाऱ्याचं नाव देणार नाही, रजिस्टर देणार नाही. खाली सही. एक वेतनवाढ रोखली म्हणतात. त्या कधी बोलल्या नाहीत.

आणि मग निकाल लागला. प्रात्यक्षिकात मी नापास. वर्गात मी एकटीच. गुण मॅडमनी दिलेले.

मी धावत विभागात गेले. “समितीपुढे तुम्ही मला वाचवलं, आणि इथे नापास करता?”

“तथी तुले नाही वाचवलं. त्याले वाचवलं. इथं तुले नापास केलं.”

“मी लेस्बियन आहे म्हणून! उघड बोलते म्हणून!”

“हाव काय? लिही मंग पत्रक.”

मी खरंच लिहायला बसले. चार ओळी जोरदार आल्या. पाचवी येईना, कारण पहिल्या चार खोट्या होत्या. भेदभाव मी पाहिलाय. तो कसा दिसतो, कोणत्या आवाजात बोलतो, हे मला कोणी शिकवू नये. हा तो नव्हता.

तरी मी तीन शनिवार गेले नाही. हो, शनिवार चालूच होते. कॉलेजनं बंद केल्यावर मॅडमनी ते कळंबच्या आपल्या अंगणात सुरू केले. ना हजेरी, ना प्रमाणपत्र. पोरं स्वतःच्या तिकिटानं जायची. राठोड जायचा, निकाल लागून नोकरीच्या शोधात असताना. मागच्या बाकावरची मैत्रीण जायची. पहिल्या दिवशी ती फाटकाबाहेरच उभी होती म्हणे. मॅडम म्हणाल्या, “भाईर कायले उभी? फोन तथी खुर्चीवर ठेव न् ये.” ठरलेले शनिवार दहा होते. अंगणात ते तेवीसपर्यंत गेले. मी गेले तेव्हा त्या तूर पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “पत्रक, सतरंजी टाक.”

तो माणूस माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. एकदा समोरून आला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाजूनं निघून गेला. बरोबर केलं. त्याला जे वाक्य बापाला पहिल्यांदा म्हणायचं होतं, ते मी त्याच्याआधी खर्च केलं. ते मला परत करता येत नाही. माफीचं पत्र लिहून मॅडमकडे दिलं, त्यांनी पोचवलं की भिजवलं, माहीत नाही. तो ठीक आहे. एवढं मी सांगते, कारण एवढं सांगायला त्यानं होकार पाठवला. त्याचं लग्न झालं की नाही, बाप आता त्याच्याशी कसा वागतो, तो याच जिल्ह्यात आहे की नाही, हे विचारू नका. तुम्हाला ओळख पटल्यासारखी वाटत असेल, तर तुम्ही चुकलात. मी नीट काम केलंय.

वर्षभरानं पुन्हा प्रात्यक्षिक परीक्षा. तोंडीला मॅडम आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेले एक सर. जाकीट, खिशाला दोन पेनं, हसरा चेहरा. त्यांनी मला दोन सोपे प्रश्न विचारले. मी दिली उत्तरं. मग मॅडमनी माझं जर्नल मिटलं.

“मागच्या वर्षी एक केस मांडली होती. तरुण मानूस, लगनाचा प्रश्न. पार्श्वभूमी सांग सराईले.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फळ्यावरच्या शिव्या वाचतानाचा चेहरा.

“नाही सांगत,” मी म्हटलं.

सर हसले. “घाबरू नको. नाव सांगू नको हवं तर. साधारण कुठला, घरचं काय, एवढंच.”

“साधारणही नाही सांगत.”

“अगं, आम्ही परीक्षक आहोत. इथलं बाहेर जात नाही.”

“सर, इथलंच बाहेर जातं.”

त्यांचं हसू गेलं. “तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं लागतं, माहीत आहे ना? शून्य गुण मिळतील.”

“द्या.”

“पुन्हा वर्ष जाईल.”

“जाऊ द्या. पुढच्या वर्षी विचाराल तरी नाही सांगणार. दहा वर्षं विचारा. मी इथे म्हातारी होईन, पण नाही सांगणार.”

माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातली पोरं दारातून डोकावली. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मॅडमनी गुणपत्रिका जवळ ओढली, एक आकडा लिहिला, त्यावर हात ठेवला आणि मला मान हलवून जायला सांगितलं.

मी दाराबाहेर पडता पडता सरांचा आवाज ऐकला. “मॅडम, राग नका मानू, पण मुलगी फार उद्धट आहे हो.”

“हाव,” मॅडम म्हणाल्या. “दोन वर्षं लागले मले.”